आत्याच्या नावाने सहा तक्रारी

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. नव्याला जरा जास्त वाकून, कारण तो अजून घरात नवीन आहे आणि त्याला आपली माणसं माहीत नाहीत.

माझं आयुष्य एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी बदललं. आकडा बहात्तर होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या पत्रात मी चार पानं कुंड्यांवर लिहिली आणि मुख्य गोष्ट राहूनच गेली, असं ताईनं फोनवर सुनावलं. (ताई म्हणजे तुझीच लेक, फोनही तुझ्याच उशाचा, म्हणून ऐकून घेतलं. कुंड्या ठीक आहेत. एक नाही. तिच्याबद्दल शेवटी, जागा उरली तर.) हे सगळं तुला फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला 'हो रे, हो' म्हणतेस. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम 'आत्या, घराला आग लागलीय' म्हणालो, तर तू म्हणालीस, 'हो रे, वेळेवर जेवत जा.' कानाचं मशीन तू इथेच फडताळात विसरून गेलीस. (विसरून म्हणतो ते तुझ्या मानासाठी. ते रुमालात गुंडाळून, डबीत घालून, वर चहाचा रिकामा डबा ठेवून विसरली होतीस.) ताईला अजून काही कळलेलं नाही. माझ्याकडून कळणारही नाही. तू माझं एक झाकावंस म्हणून मी तुझं हे झाकतोय असं मुळीच समजू नकोस. पुढे तसं वाटलं, तर तो योगायोग.

तर बहात्तर. तू मला शेजारच्या वायनरीत 'बागेत कामाला आहे' असं सगळ्यांना सांगतेस. आत्या, मी बागेत नसतो. द्राक्षांचे वेल आपल्या मागच्या कुंपणापासून उतारावर खाली जातात, आणि वरच्या अंगाला हिरवळ आहे, तिथे शनिवारी दुपारी चार ते सात लोक टेबलांवर पेले घेऊन बसतात, चार वादक वाजवतात, आणि मी एका छत्रीखाली बसून त्यांचा आवाज लहानमोठा करतो. याला ध्वनिव्यवस्था म्हणतात. मालक याला 'बटणं' म्हणतात. 'बटणं सांभाळ रे' एवढंच मला सांगून ते पाहुण्यांत जातात आणि द्राक्षांना संगीत आवडतं, वेलींना त्यानं गोडवा येतो, असं प्रत्येक टेबलाशी सांगतात. (द्राक्षांना कोणी विचारलंय?) माणूस मात्र लोण्यासारखा. मी पहिल्या महिन्यात तीन वेळा त्यांच्या अंगावर धावून गेलो, तिन्ही वेळा त्यांनी मला खुर्ची दिली.

त्या शनिवारी, म्हणजे तू ताईकडे गेलीस त्याच्या पुढच्याच शनिवारी, हिरवळ आणि आपलं कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात एक मुलगी येऊन उभी राहिली. एका हातात हेल्मेट, उजव्या कानामागे पेन्सिल, आणि दुसऱ्या हातात टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र, त्याच्या टोकाला करड्या स्पंजचा गोळा. हात लांब करून, यंत्र छातीच्या उंचीवर धरून ती नुसती उभी. हलेना, बोलेना, कोणाकडे बघेना. मला वाटलं, पाहुण्यांपैकी कुणीतरी फोटो काढतंय. जवळ जाऊन मी म्हटलं, इथे उभं राहायला परवानगी नाही. तिनं माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. आत्या, मला गप्प बसायला सांगणारी माणसं आयुष्यात खूप झाली. तू, बाबा, दोन शाळा, एक कॉलेज. मी गप्प बसलो असा हा पहिलाच प्रसंग. पूर्ण पाच मिनिटं मी तिच्यापासून तीन पावलांवर दगडासारखा उभा होतो. मग तिनं यंत्र खाली केलं, पेन्सिल काढली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, 'बहात्तर.'

हा शब्द तसा सुंदर नाही, हे मलाही कळतं. पण तू तो तिच्या तोंडून ऐकायला हवा होतास. (तुला ऐकू आला नसता, पण तू ओठांवरून ओळखला असतास, आणि ओठांवर तो फार छान दिसतो.)

अर्थात मी लगेच भांडलो. यंत्र बिघडलंय म्हणालो. ती म्हणाली, 'यंत्र परवाच तपासून आणलंय. तुमचे कान कधी तपासलेत?' ती आवाज नियंत्रण कचेरीत हंगामी मोजणीदार आहे, त्या दिवशी वर्षातून एकदाच्या नेमाच्या मोजणीला आली होती. नियम असा, की शेजाऱ्याच्या हद्दीवर आवाज पंचावन्न डेसिबलच्या वर जाता कामा नये. मी म्हटलं, पंचावन्न आणि बहात्तर यांत कितीसा फरक आहे, सतराच तर. तेव्हा तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दया आल्यासारखं पाहिलं. मग समजावलं, की इथली बेरीज बाजारातल्यासारखी नसते, इथे दर तीनाला आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणजे सतरा म्हणजे जवळजवळ पन्नासपट. आता हे पान मला कसं ठाऊक असणार? तुला मी कधी सांगितलं नाही, पण कॉलेज मी याच प्रकरणाच्या मध्यात सोडलं. सर फळ्यावर लिहीत होते, 'ध्वनिप्रदूषण', आणि मागे वळून म्हणाले, 'उदाहरण तिसऱ्या बाकावर बसलंय.' सगळा वर्ग हसला. मी दप्तर उचललं आणि दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचा शिपाई खाली आला. परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट होण्याचं शिकवलं असणार. दोन वर्षांनी ते मला कुंपणापाशी उभं राहून कळलं आणि त्या सरांवरचा माझा निम्मा राग गेला. (निम्मा म्हणजे फक्त तीनच कमी. बघ, मला आता येतं.)

जाताना मी विचारलं, पुन्हा कधी येणार? ती म्हणाली, 'तक्रार आली तर. तक्रार आली की पुढच्या शनिवारी यावंच लागतं. नाहीतर इकडे काय काम?'

आत्या, आता तूच सांग. सभोवार वेल, खाली उतार, पलीकडे रस्ता. सगळ्यात जवळचं घर एकच. त्या घरात राहणारं सज्ञान, सन्मान्य, कचेरीत वजन पडेल असं माणूस एकच. तू नुकतीच पायाला प्लास्टर लावून (मला ते प्लास्टरच वाटलं होतं, ती ऑपरेशनची पट्टी निघाली) गाडीत बसून गेली होतीस. मी तुझ्या टेबलाशी बसलो, तुझं पेन घेतलं आणि तुझ्या नावानं तक्रार लिहिली. साधी, चार ओळींची. 'शेजारील संगीतामुळे त्रास होतो, कृपया मोजणी व्हावी.' खाली तुझी सही. ती मला इथे राहायला आल्यापासून येते, बारावीच्या प्रगतिपुस्तकापासून, हेही तुला आजच कळतंय.

पुढच्या शनिवारी ती आली. स्कूटर आपल्या फाटकाशी लावली, कारण मोजणी आता तक्रारदाराच्या बाजूनं करायची होती. इथे माझी पंचाईत झाली. फाटक उघडायला घरात मी हवा आणि छत्रीखाली बटणांशीही मीच हवा. मी कुंपणातल्या त्या भोकातून (तू मांजरासाठी ठेवलेलं, ते आता जरा मोठं झालंय) रांगत आलो, फाटक उघडलं, नमस्कार केला, पाच मिनिटं उभा राहिलो, ती 'एकाहत्तर' म्हणाली, आणि मी पुन्हा रांगत पलीकडे. तिला मी खरं तेच सांगितलं, निदान त्याच्या शेजारचं. म्हटलं, तक्रार आत्याची, नोकरी माझी, घरात फिर्यादी आणि बाहेर आरोपी अशी माझी ओढाताण आहे. तिला माझं वाईट वाटलं. 'अवघड आहे हो तुमचं,' म्हणाली. त्या 'हो'वर मी दुसरी तक्रार लिहिली.

तिसऱ्यापासून मला लिहिण्याची गोडी लागली हे कबूल करतो. तुझ्या वतीनं मी लिहिलं, की शनिवारी चमचे आपोआप वाजतात, कपाटातली भांडी एकमेकींशी भांडायला उठतात, कपातल्या चहावर वर्तुळं उमटतात आणि ती बघत एक एकटी बाई बसून असते. चौथीत तुझी झोप उडाली. (संगीत सातला संपतं आणि तू नऊला झोपतेस, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.) पाचवीत तुझ्या कानांत शिट्ट्या वाजू लागल्या. ती म्हणाली, कचेरीत तुझ्या तक्रारी मोठ्यानं वाचतात, टायपिस्टबाईंनी डोळे पुसले. 'तुमच्या आत्या फार छान लिहितात. एकदा भेटायचंय त्यांना.' तेव्हापासून दर शनिवारी तू कुठेतरी असायचीस. एकदा आत पडली होतीस, एकदा अंघोळीला गेली होतीस, आणि एकदा मी घाईत 'फिरायला गेलीय' म्हणालो, त्याच आठवड्यात तक्रारीत तू अंथरुणातून उठू शकत नव्हतीस. तिनं भुवई वर केली, पण शंका घेतली नाही. उलट पाचव्या शनिवारी खिशातून एक छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली. कानात घालायचे मऊ बोळे. स्वतःचे, न वापरलेले. म्हणाली, 'आत्यांना द्या. नियम लागू व्हायला वेळ लागतो, तोवर माणसानं काय करावं?'

ती डबी मी फडताळात तुझ्या मशीनच्या डबीशेजारी ठेवली. दोघी शेजारी शेजारी बसल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठ केली. मी जेवलो नव्हतो, म्हणून जेवायला गेलो.

बरं, एवढं करून मला मिळालं काय ते सांगतो, हसू नकोस. मोजणी चालू असताना आजूबाजूला कोणी बोलायचं नसतं. म्हणजे ती यायची, पाच मिनिटं आम्ही शेजारी शेजारी मूग गिळून उभे राहायचो, ती आकडा सांगायची, दोन वाक्यं बोलायची आणि जायची. सहा तक्रारींचं एकूण उत्पन्न: अर्धा तास मौन. पण आत्या, त्या अर्ध्या तासात मला जेवढं ऐकू आलं तेवढं एकवीस वर्षांत आलं नव्हतं. क्लॅरिनेटच्या मागे वारा असतो. पेले एकमेकांना लागतात ते पाचही बोटांसारखे वेगवेगळे वाजतात. तिच्या मनगटावरचं घड्याळ टिकटिक करतं. हे सगळं मी बटणं मोठी करून दडपत होतो, हेही ऐकू आलं. कारण आकडा खाली यायला लागला तर ती येणार नाही, म्हणून मालक पाहुण्यांत गेले की मी हळूच आवाज वाढवायचो. मालक परत येऊन कमी करायचे. बिचारे दर शनिवारी कपाळाला हात लावायचे, 'अरे, आपण तर कमीच ठेवलाय, मग त्या शेजारच्या बाईंना एवढं लागतं तरी काय?' एकदा तुझ्यासाठी द्राक्षांची टोपली घेऊन यायला निघाले होते. मी म्हटलं, तिला सध्या द्राक्षं दिसली तरी त्रास होतो.

तक्रारीच्या छापील कागदामागे बारीक अक्षरांत एक ओळ आहे. मी कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत वाचत नाही, कागद काय आणि कॉलेज काय. ती ओळ अशी, की एकाच ठिकाणाहून सहा तक्रारी आल्या की सुनावणी लागते, आणि सुनावणीत उघड्यावरच्या संगीताची परवानगी कायमची रद्द होऊ शकते. सहावी मी सोमवारी टाकली. बुधवारी मालकांना नोटीस आली. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता. मालकांनी ती मलाच वाचायला दिली, कारण त्यांचा चष्मा ओला झाला होता. वादकांना त्यांनी सांगितलंही, की दुसरीकडे बघून ठेवा.

आणि काल तो सहावा शनिवार आला. सुनावणीआधीची मोजणी घराच्या आत, खिडकीपाशी, तक्रारदारासमक्ष करायची असते म्हणे. ती दारात उभी राहून म्हणाली, 'आज भेटल्याशिवाय जाणार नाही.' मी म्हटलं, तू आत्ताच मुलीकडे गेलीस. ती म्हणाली, 'आत्ताच?' मी म्हटलं, जरा आत्ताच. बरं, मोजून तर घेऊ म्हणून ती आत आली आणि थेट मागच्या खोलीत, तुझ्या खुर्चीपाशी गेली. यंत्र चौकटीवर ठेवलं, चालू केलं, आणि काचेकडे बघत राहिली. काचेवर एक हात उमटला होता. पूर्ण पंजा, पाचही बोटं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीवर. मी दोन महिन्यांत काचा पुसलेल्या नाहीत. (याबद्दल रागव, पण नंतर.) तिनं खुणेनंच विचारलं, कोणाचा? मी खुणेनंच तुझा फोटो दाखवला. मग तिनं आपला हात त्या हातावर ठेवला. तशीच राहिली. मग माझं मनगट धरून (आत्या, मनगट!) माझाही पंजा काचेवर टेकवला. काच थरथरत होती. खालचे सूर एकेक करून तळव्यात येत होते. पाऊल टाकल्यासारखे, संथ, मग भरभर, मग थांबून. डोळे मिटले असते तर मी गाणं ओळखलं असतं.

तिनं खोलीभर नजर फिरवली. फडताळात दोन डब्या शेजारी शेजारी. एक तिनं दिलेली. दुसरी तिनं उघडली. नियम मोडून ती बोलली, अगदी हळू: 'त्यांना ऐकू येत नाही ना? त्या इथे बसून हातानं ऐकतात.'

आत्या, मी चार वर्षं या घरात राहतो. दर शनिवारी तू खिडकीत काचेला हात लावून बसलेली मला छत्रीखालून दिसायचीस. मला वाटायचं, तू मला बघतेयस. पोरगा काम करतो की भांडतो, ते. मी इकडून हात हलवायचो आणि तू हलवायची नाहीस, तर मला राग यायचा.

लाज वाटली की मला राग येतो, हे तुला माहीत आहे. डोक्यात राख घालून मी तिलाच बोललो. म्हटलं, दुसऱ्यांच्या डब्या उघडायचा तुम्हाला कोणी अधिकार दिला, मोजायला आलात तर मोजा, आणि निघा. आणि मग ती निघायच्या ऐवजी मीच निघालो आणि दार आपटलं. स्वतःच्या घरातून बाहेर आलो आणि तुळशीसारखा अंगणात उभा राहिलो. आत ती, बाहेर मी, कडी आतून पडलेली. शेवटी मलाच दार वाजवावं लागलं. तिनं उघडलं. हातातला कागद पुढे केला. 'मापन चालू होतं,' म्हणाली. संगीत: एकसष्ट. दार: चौऱ्याण्णव. तक्रारदाराच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज तक्रारदाराच्या भाच्याचा, हे आता सरकारी कागदावर शाईनं लिहिलेलं आहे.

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, 'प्रत्येक अहवालात मी लिहिलंय की बाईंचा त्रास खरा आहे. माझं अजून कायम व्हायचंय. गुरुवारी अकराला तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल.' आणि स्कूटर चालू न करता ढकलत वळणापर्यंत घेऊन गेली. तेवढाही आवाज तिला मला द्यायचा नव्हता.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. नव्या गुडघ्यावर जास्त भार देऊ नकोस, जिने उतरताना ताईचा हात धर, तिची पोरं मशीनबद्दल विचारतील त्यांना बिस्किटं दे. मेलेली कुंडी म्हणजे ती लाल फुलांची. मी तिला रोज पाणी घातलं. तेच चुकलं म्हणे.

तुझा,
फटाका
(तू ठेवलेलं नाव, आता सरकारी कागदानं सिद्ध झालेलं)

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. खाली जिथे फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव. फार काही नाही त्यात. तक्रारी तू स्वतः लिहिल्यास, तुला एका कानानं कमी ऐकू येतं पण नेमकं संगीत दुसऱ्या कानानं शिरतं, आणि आता जावयाच्या घरी शांत राहिल्यानं तुझं मन बदललं असून तू सहाही तक्रारी मागे घेत आहेस, एवढंच. कोणाचंच नुकसान नाही. परवानगी वाचते, तिची नोकरी वाचते, मी वाचतो. सही मीच केली असती, पण या वेळी खरी असावी असं वाटतं. हे सगळं पत्र त्यासाठीच आहे, हे तू पहिल्याच पानावर ओळखलं असशील.

ता. क. दुसरा, सोमवार. सही करू नकोस. कागद पाकिटात सापडणार नाही, मी काढून घेतला आहे.

झालं असं, की मी पत्र टाकायला टपालपेटीपाशी गेलो तर तिच्या शेजारच्या बाकावर क्लॅरिनेटकाका बसले होते. तुला ते पोस्टमन म्हणून माहीत. निवृत्त झाल्यापासून ते शनिवारी आमच्याकडे वाजवतात. (बाकावर का बसतात विचारलं तर म्हणाले, पाय सवयीनं येतात.) पाकिटावर तुझं नाव पाहून त्यांनी ते हातात घेतलं, वजन करून पाहिलं, म्हणाले, 'जाड आहे. बरं आहे ना बाईंचं?' मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता: 'एक लिही माझ्याकडून. मला कळलं नाही हो. तीस वर्षं मी त्यांच्या फाटकाशी आलो. सायकलची घंटी वाजवायचो, त्या यायच्या नाहीत, म्हणून फाटक हलवायचो, मग यायच्या. आता त्या खिडकीत बसायच्या, हात काचेला लावून. मला वाटायचं, आवडतंय त्यांना. म्हणून मी पाहुण्यांकडे पाठ करून तिकडे तोंड करून वाजवायचो, खालचे सूर जरा लांबवायचो. मालक ओरडायचे. त्यांना इतका त्रास होत होता आणि मी मुद्दाम खिडकीकडेच वाजवत होतो. सहा तक्रारी! लिही, की वाजवणं थांबवलंय. माफ करा म्हणावं.' क्लॅरिनेट गळ्यात अडकवायचा पट्टा त्यांनी खिशातून काढून बघितला आणि परत ठेवला.

आत्या, घंटीनं नाही, फाटक हलवलं की तुला कळतं, हे त्या माणसाला तीस वर्षांपासून माहीत आहे. मी घरात राहून मला माहीत नाही. आणि त्या माणसाला वाटतंय की तू सहा वेळा लिहून त्याला गप्प करवलंस. मी तिथेच बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून, बहात्तरपासून. मग त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. (मोजला नाही, पण बराच वर असावा.) आणि मग पत्र माझ्या खिशात परत घालत म्हणाले, 'हे आज टाकू नकोस. अर्धंच आहे.'

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ, साडेदहा. घाईत आहे. मालकांना काल रात्री जेवायच्या आधी सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली. ते खुर्चीच देणार हे माहीत असूनही मी दारापर्यंत चार वेळा जाऊन परत आलो होतो. आता कचेरीत जाऊन तेच पुन्हा, सगळ्यांसमोर. तक्रारी मी लिहिल्या, सह्या मी केल्या, आवाज मी वाढवला, मोजणीदारबाईंनी फक्त मोजलं आणि विश्वास ठेवला. माझी नोकरी जाईल. कागद हातात देतील, तो या वेळी मागच्या बाजूनंही वाचीन.

तिला मंगळवारी चिठ्ठी पाठवली की मीच सांगणार आहे. उत्तर म्हणून कचेरीचं छापील पत्रक आलं, नियम क्रमांक नऊ भोवती पेन्सिलीनं गोल. त्यात असं आहे, की आवाजाचे मोठे दोन खोके (स्पीकर) काढून लहान आठ लावावेत, उताराकडे तोंड करून. शेजाऱ्याची स्वतःची लेखी विनंती असेल तर त्याच्या खिडकीखाली एक खोका ठेवता येतो, खालच्या सुरांचा, ठरलेल्या मर्यादेत. 'स्वतःची' या शब्दाखाली दोन रेघा. बाकी काही लिहिलेलं नाही. मी ते पत्रक तीनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

म्हणून मागणं हे आहे, आणि हेच खरं आहे, आधीचं विसर: सातवं पत्र तू लिही. तुझ्या हातानं, तुझ्या शब्दांत, चमचे आणि वर्तुळं न घालता. तुला आवडत असेल तरच. आणि गुडघा वळायला लागला की घरी ये. क्लॅरिनेटकाकांना मी सांगितलंय, की अजूनही माफी मागायचीच असेल तर ती तुझ्या फाटकाशी येऊन मागा. किंवा तू मागशील, माझ्या वतीनं. ते तुमचं तुम्ही बघा.

काच पुसली नाही. बाकी सगळ्या खिडक्या पुसल्या.

मशीन रुमालात तसंच आहे. बोळ्यांची डबी मी तिला परत द्यायला खिशात घेतली आहे. पाकीट चिकटवतो. कचेरीच्या वाटेवर पेटी लागते, तिथे टाकतो. तू नेहमी म्हणायचीस, दार आपटलंस की मला कानात नाही, पायांत कळतं. आज मी बाहेर जातोय आणि दार लावतोय, आत्या. तू तिथे, इतक्या लांब, पाय जमिनीवर टेकवून बसली असशील तर बघ. काहीही कळणार नाही.